जबाबदार व्यक्तीचे नाव

फेब्रुवारीच्या मध्यावर, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसच्या छोट्या कचेरीत बसून मी लेबलांच्या छपाईतली एक अडचण सोडवत होतो. काचेपलीकडच्या लांब दालनात डोक्याला जाळीदार टोप्या घातलेल्या बायका कात्रीच्या टोकाने घडातले खराब मणी अलगद काढत होत्या. मधूनमधून प्रीकूलिंगच्या खोलीचे जड दार सरकत होते आणि थंड हवेबरोबर हिरव्या देठांचा व गंधकाचा मिसळलेला वास आत येत होता. तेवढ्यात पॅकहाउसचे व्यवस्थापक, ज्यांना तिथला लहानथोर प्रत्येक माणूस नाना म्हणतो, कागदांचा जाड गठ्ठा घेऊन आले. "सर, एवढं एक पान तुमच्याकडचं राहिलंय. भरून द्या, म्हणजे ऑडिटची फाइल पुरी होईल." परदेशी खरेदीदाराच्या वतीने होणाऱ्या तपासणीचा तो तक्ता होता. मालाला स्पर्श करणाऱ्या किंवा मालाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी त्यात एक ओळ होती: वस्तूचे नाव, उत्पादक, जबाबदार व्यक्तीचे नाव, संपर्क. वजनकाटे, लेबलचा प्रिंटर, खोकी, घडांवर ठेवायचे कागद, साऱ्यांच्या ओळी नानांनी ठसठशीत अक्षरात भरल्या होत्या. शेवटच्या पानावरच्या सॉफ्टवेअरच्या ओळी तेवढ्या कोऱ्या होत्या. लॉटच्या नोंदींची प्रणाली आम्ही लिहिलेली असल्यामुळे पहिल्या ओळीत माझे नाव गेले. दुसऱ्या ओळीत, ती प्रणाली ज्याच्यावर उभी आहे त्या जँगोचे, म्हणजे वेबवरच्या प्रणाली बांधण्यासाठी कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या तयार चौकटीचे, नाव लिहिले, आणि तिसऱ्या रकान्यापाशी येऊन पेन थांबले. "मालक लांब असेल तर मॅनेजरचं नाव टाका, चालतंय," नाना म्हणाले. मी ते पान बरोबर घेऊन निघालो.

म्हसरूळच्या अलीकडे ट्रॅक्टरमागे गाडी हळूहळू चालत असताना तो रकाना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिला. जँगोवर माझे पोट चालते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा कचेरीतले प्रत्येक काम, मग ते पॅकहाउसचे असो, शाळेच्या शुल्काचे असो की दवाखान्याच्या नोंदवहीचे, याच एका चौकटीवर बांधलेले आहे. तिच्याभोवतीची कितीतरी नावे मला ठाऊक आहेत. ती कोणी जन्माला घातली, कोणी सांभाळली, आज कोण तिची आवृत्ती प्रसिद्ध करते, हे मी विचारल्यासरशी सांगू शकतो. तरीही त्या रकान्यात लिहावे असे एकही नाव मला सापडेना, आणि आपण ज्याच्यावर इतका भरवसा टाकतो त्याच्याबद्दल एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार नसावे, याची रुखरुख लागून राहिली.

नानांच्या जगात हा प्रश्न रास्तच आहे. निर्यातीच्या द्राक्षाचा माग काढण्याची शिस्त आपल्या भागात गेल्या काही वर्षांत इतकी मुरली आहे की तिच्याबद्दल कोणी वेगळे बोलतही नाही. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीवर बागेच्या प्लॉटची नोंद होते, मालात औषधांचे उर्वरित अंश किती आहेत ते प्रयोगशाळा तपासते, आणि मग खोक्यावर जे लेबल चिकटते त्यावरच्या क्रमांकावरून युरोपातल्या एखाद्या गोदामात उभा असलेला माणूस ते खोके कोणत्या बागेतून आले तिथपर्यंत पोहोचू शकतो. जँगोचा मागही असाच लागतो, किंबहुना अधिक बारकाईने लागतो. त्या रात्री मी सहज म्हणून तारखेचा रकाना तपासणाऱ्या भागातली एक ओळ उघडली आणि गिटला, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, तिचा इतिहास विचारला. ती ओळ कधी लिहिली, आधी तिथे काय होते, कोणत्या तिकिटासाठी, म्हणजे दोषाच्या किंवा मागणीच्या कोणत्या नोंदीसाठी, ती बदलली, हे सारे समोर आले. बदलाच्या टिपणात तिकिटाचा क्रमांक होता, काय दुरुस्त केले हे सांगणारे एक नेटके वाक्य होते, आणि खाली दोष कळवणाऱ्याचे व बदल तपासणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानलेले होते. गेली कित्येक वर्षे ही पद्धत न चुकता पाळली जात आहे. फरक पुढे पडतो. द्राक्षाचा माग गटनंबरापाशी संपतो आणि तिथे सातबाऱ्यावर एक नाव असते. जँगोचा माग एका ओळीतून तीन माणसांकडे जातो, त्या तिघांतून आणखी दहा जणांच्या चर्चेकडे, आणि सातबारा कुठेच लागत नाही.

सुरुवातीला मात्र तो होता. २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोन तरुण पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करू लागले. वृत्तपत्राच्या धबडग्यात सकाळी सुचलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत लोकांसमोर जायला हवी असायची, म्हणून प्रत्येक कामात पुन्हा पुन्हा लागणारे भाग त्यांनी बाजूला काढून एकत्र बांधले. बातमीदाराला स्वतः मजकूर भरता यावा यासाठी केलेला व्यवस्थापनाचा पडदा, ज्याला आम्ही सगळे नुसते 'अॅडमिन' म्हणतो, तोही त्याच गरजेतून आलेला. नानांच्या पॅकहाउसमध्ये शेतकऱ्यांची यादी आज ज्या पडद्यावर भरली जाते त्याचे मूळ एका छोट्या गावातल्या छापखान्याच्या वेळापत्रकात आहे, हे मला फार आपुलकीचे वाटते. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्यांच्यात आला, आणि जुलै २००५ मध्ये वृत्तपत्राने हे सारे काम बीएसडी परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावे आणि बदलावे अशा मोकळ्या अटींवर, जगासाठी खुले केले. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. एका खासगी वृत्तपत्राने पगार देऊन करवून घेतलेले काम असे मोकळे सोडावे, या निर्णयाचे मोल मला दरवर्षी थोडे अधिक कळत जाते.

खुले झाल्यावर पहिली काही वर्षे ते झपाट्याने बदलत गेले. आरंभीच्या रूपात पडद्यामागे बरीच जादू होती. तुम्ही एका ठिकाणी सारणीचे वर्णन लिहायचे आणि ते भलत्याच ठिकाणी आपोआप उगवायचे. ही जादू कामे लवकर उरकायची, पण काही बिघडले की कुठे पाहावे हे कळत नसे. २००६ मध्ये ती मुळापासून काढून टाकली गेली आणि आधी लिहिलेला कोड त्यामुळे सगळ्यांना बदलावा लागला. २००८ मध्ये माल्कम ट्रेडिनिक या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याने डेटाबेसशी बोलणारा गाभा जवळजवळ नव्याने लिहिला. त्याच वर्षी जूनमध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि सप्टेंबरमध्ये १.० आवृत्ती आली. त्या आवृत्तीबरोबर एक वचन दिले गेले, ते म्हणजे यापुढे जुना कोड असा एकाएकी मोडणार नाही. एखादी सोय काढायची असेल तर आधी इशारा द्यायचा, तो इशारा दोन आवृत्त्या चालू ठेवायचा आणि मगच ती सोय काढायची. आमच्यासारख्या लहान कचेऱ्या टिकल्या त्या या वचनावर. माल्कम मार्च २०१३ मध्ये अकाली गेला. नवख्यांच्या प्रश्नांना तो ज्या धीराने उत्तरे देत असे त्याची आठवण म्हणून फाउंडेशनने त्याच्या नावाने पारितोषिक ठेवले, आणि ते देताना त्या माणसाने नवागतांसाठी काय केले हे आवर्जून पाहिले जाते. तंत्रज्ञानाच्या जगात शिकवणाऱ्याची अशी आठवण ठेवली जाते तेव्हा मला फार बरे वाटते.

या सगळ्या काळात रकान्यात लिहायला नाव होते. एड्रियन आणि जेकब हे दोघे शेवटचा शब्द असलेले, पायथनच्या जगात रूढ असलेल्या भाषेत आजन्म परोपकारी हुकूमशहा होते. वाद मिटेना तर त्यांच्यापैकी एकाने कौल द्यायचा आणि विषय संपायचा.

जानेवारी २०१४ मध्ये दोघेही त्या पदावरून उतरले.

त्या बातमीच्या वेळी आमच्या मित्रमंडळीत जे बोलणे झाले ते मला चांगले आठवते. कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीवर आम्ही चौघेपाच जण उभे होतो आणि सूर चिंतेचा होता. हे आता कोणाच्या हाती जाणार, एखादी मोठी कंपनी ताबा घेणार की सगळे विखुरणार, असे प्रत्येकाला वाटत होते. आपल्याकडे संस्थापकाने जिवंतपणी, धडधाकट असताना, कुणाशी बिनसलेले नसताना खुर्ची सोडल्याची उदाहरणे आम्हाला त्या टपरीवर सुचेनात. प्रत्यक्षात घडले ते साधे होते. दोघांचाही रोजच्या कामातला सहभाग तोवर पुष्कळ कमी झाला होता आणि काम दुसरेच लोक करत होते. जे आधीच घडून गेले होते ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्यांच्या जागी कोणी नवा हुकूमशहा आला नाही. पाच जणांचे एक तांत्रिक मंडळ स्थापन झाले, टेक्निकल बोर्ड, आणि त्याने रोजचा कारभार न पाहता, एकमत होईना अशा वेळीच निर्णय द्यावा असे ठरले. खुद्द पायथनचा जनक गीदो व्हान रोसम आपल्या अशाच पदावरून जुलै २०१८ मध्ये उतरला, तोही एका लहानशा वाक्यरचनेवरून झालेल्या दमवणाऱ्या वादानंतर. जँगोच्या दोघांनी हे चार वर्षे आधी आणि वादाशिवाय केले, याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कोडपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

पण खुर्ची रिकामी करणे वेगळे आणि काम होणे वेगळे. तिकिटे रोज येतात. त्यांतली निम्मी अपुरी असतात, काही जुन्याच दोषाची पुनरावृत्ती असतात, आणि एखादे असे असते की ज्यामुळे जगभरच्या हजारो प्रणालींना धोका आहे. हे चाळत बसणे रूक्ष काम आहे आणि उत्साहाच्या भरात ते कोणी फार काळ करू शकत नाही. फाउंडेशनने २०१४ मध्येच यावर तोडगा काढला आणि देणग्यांतून पगार देऊन एक माणूस नेमला. या पदाला फेलो म्हणतात आणि पहिला फेलो टिम ग्रॅहम. तिकिटे तपासायची, इतरांचे बदल वाचायचे, सुरक्षेचे प्रश्न हाताळायचे, आवृत्ती वेळेवर बाहेर काढायची, हे त्याचे काम. त्यानंतर जँगोची घडी जी बसली ती आजतागायत विस्कटलेली नाही. साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक मालिकेतली दोन क्रमांकाची आवृत्ती तीन वर्षे सांभाळली जाते. सुरक्षेचा मोठा दोष सापडला की तो जाहीर करण्याआधी साधारण आठवडाभर ठरावीक लोकांना गुपचूप कळवले जाते, आणि मग दुरुस्ती व जाहिरात एकाच वेळी होते. मला याचा अनुभव असा की हंगामातही कधी धावपळ करावी लागलेली नाही. संध्याकाळी वाहनांची भरती संपून रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघाला की दुरुस्ती चढवायची, चाचण्या चालवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिला ट्रॅक्टर फाटकाशी येण्याआधी सगळे जागेवर असते.

या चांगल्या घडीत एक विचित्र गोष्ट हळूहळू होत गेली. जँगोमध्ये गाभ्याचा गट, म्हणजे कोअर टीम, नावाची एक गोष्ट होती. बरीच वर्षे चांगले काम केलेल्या माणसाला त्या गटात बोलावले जाई आणि मुख्य कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार त्याला मिळे. हा अधिकार म्हणजे मोठा मान होता. आमच्या ओळखीत कोणी त्या गटात नव्हते, पण त्या यादीतली नावे आम्ही ज्या आदराने घेत असू तो आदर मला आजही जाणवतो. फेलो आल्यानंतर बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचे बहुतेक काम तेच करू लागले. गटातल्या अनेकांचे नोकरीधंदे बदलले, घरे वाढली, काहींनी कित्येक महिने एकही बदल केलेला नसे. अधिकार मात्र तसेच राहिले, आणि नवीन माणसे त्या गटात येईनाशी झाली. जेम्स बेनेट हा त्याच गटातला जुना माणूस. त्याने हे दुखणे नेमके हेरले आणि २०१८ मध्ये स्पष्ट लिहिले की हा गट आता बरखास्त करावा. त्याचे म्हणणे मला त्या वेळी कठोर वाटले होते. ज्यांनी इतकी वर्षे फुकट राबून हे उभे केले त्यांच्या अंगावरचा शेला उतरवून घ्यायचा, हे मनाला पटत नव्हते.

आज विचार करतो तेव्हा त्याच्या म्हणण्यातली दुसरी बाजू अधिक खरी वाटते. त्या गटाच्या असण्यामुळे बाहेरच्या माणसाला आपण बाहेरचे आहोत असे वाटत होते. चांगला बदल सुचवणारा मनुष्य आधी मनात म्हणायचा, हे काम कोअरवाल्यांचे आहे. असे म्हणून किती जण थांबले असतील त्याची नोंद गिटमध्ये नसते. बेनेटने मांडलेला प्रस्ताव डीईपी १०, म्हणजे जँगो सुधारणा प्रस्ताव क्रमांक १०, या नावाने ओळखला जातो. बरीच चर्चा होऊन, मतदान होऊन, मार्च २०२० मध्ये तो अमलात आला. गाभ्याचा गट संपला. त्याच्या जागी दोन कोरडी, कामापुरती पदे आली: तपासून झालेला बदल मुख्य कोडमध्ये घेणारे ते मर्जर, आणि आवृत्ती प्रसिद्ध करणारे ते रिलीझर. मर्जरच्या हाती चावी असते, पण म्हणून त्याचे मत इतरांपेक्षा जड ठरत नाही. मोठा बदल असेल तर तो एकट्याच्या मर्जीने घेऊ शकत नाही. तांत्रिक मंडळ पाच जणांचेच राहिले, परंतु आता ते फाउंडेशनच्या वैयक्तिक सदस्यांच्या मतांवर निवडून यायचे होते. पुढे त्याचेच नाव स्टीअरिंग कौन्सिल झाले. ज्या गटाच्या हाती अधिकार होता त्या गटातल्या माणसांनी स्वतःच्या बरखास्तीच्या बाजूने मत दिले, हे वाचताना अंगावर काटा आला होता.

त्याच महिन्यात सगळे जग घरात कोंडले गेले आणि ही बातमी त्यात विरून गेली. आमच्याकडे तर द्राक्षे वेलींवर उभी होती, न्यायला गाड्या नव्हत्या, आणि पॅकहाउसकडून दिवसातून दहा वेळा फोन येत होते. जँगोच्या नव्या कारभारपद्धतीकडे लक्ष द्यायला मला पुष्कळ उशिरा सवड मिळाली.

लिहिलेली व्यवस्था चांगली असली म्हणजे ती आपोआप चालते असे नाही, हे मात्र पुढच्या काही वर्षांत दिसले. कौन्सिल होते, पण त्याच्यासमोर प्रश्न फारसे येत नव्हते, कारण बहुतेक गोष्टी चर्चेतच मिटत होत्या. दिशा देण्याचे काम कोणाचे हे मात्र कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. नव्या सोयी सुचवणाऱ्यांना उत्तरे लवकर मिळेनात. मंडळातली माणसे आपापल्या व्यापात होती आणि काम न करणाऱ्या मंडळावर बसून राहणे त्यांनाही जड जात असावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये काही सदस्य पायउतार झाले आणि मुदतीआधीच निवडणूक घ्यावी लागली. फाउंडेशनने हे झाकून ठेवले नाही. कारभारात अडचण आहे, मंडळाला पुरेशी माणसे उरलेली नाहीत, असे सरळ सांगून उमेदवारांना पुढे येण्याचे आवाहन केले. डिसेंबरपर्यंत पाच जणांचे नवे कौन्सिल निवडून आले, आणि त्यात जँगोचे जुने फेलो होते तसे समुदायात इतर वाटांनी आलेले लोकही होते. मी त्या दिवसांत उमेदवारांची निवेदने रात्री जागून वाचत होतो. कोणी लिहिले होते की नव्या सोयी आणण्याची वाट सोपी करू, कोणी लिहिले होते की भोवतालच्या लहान प्रकल्पांना आधार देऊ. त्यांपैकी बहुतेकांना मी कधी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, तरी त्यांच्यातले कोण निवडून येते यावर नाशिकमधल्या माझ्या कामाची पुढची वर्षे थोडीबहुत अवलंबून होती. आपल्या प्रभागातल्या निवडणुकीबद्दलही मला इतकी उत्सुकता वाटल्याचे आठवत नाही.

भीती अजूनही वाटते. काही मोजक्या माणसांच्या पगारावर हे सारे तोललेले आहे, आणि तो पगार देणग्यांतून येतो. जँगो वापरून पैसे मिळवणाऱ्या कंपन्या जगभर अगणित आहेत आणि देणाऱ्यांची यादी त्या मानाने लहान आहे. आमच्या शहरात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांपासून इंदिरानगरमधल्या तीन खोल्यांच्या कचेऱ्यांपर्यंत, जँगोवर चाललेली कामे मी स्वतः पाहिली आहेत. त्या यादीत आपल्यातले कोणी का नाही, हा प्रश्न मी धंद्यातल्या मित्रांना विचारत असतो. फुकट मिळते ते कोणीतरी सांभाळत असणार असे सगळे धरून चालतात. आमच्या कचेरीची वर्षाला ठरावीक रक्कम जाते. ती मोठी नाही, पण ती पगाराच्या यादीत धरलेली आहे, उरली तर द्यायची अशी नाही.

नानांचा कागद मी दोन दिवसांनी भरून दिला. उत्पादकाच्या रकान्यात फाउंडेशनचे नाव घातले, जरी ते जँगो स्वतः लिहीत नाही, त्याचे नाव, चिन्ह आणि पैसा सांभाळते एवढेच. जबाबदार व्यक्ती म्हणून मात्र मी माझेच नाव पुन्हा लिहिले. बीएसडी परवान्यात हे अगदी ठळक लिहिलेले आहे की हा कोड आहे तसा दिलेला आहे, त्याची कसलीही हमी नाही आणि नुकसान झाल्यास लिहिणारे जबाबदार नाहीत. म्हणजे पॅकहाउसमध्ये जँगो आणला तो मी, कोणती आवृत्ती वापरायची हे ठरवले मी, दुरुस्ती वेळेवर चढवायची तीही मीच. शेऱ्याच्या जागेत सध्याची ४.२ ही आवृत्ती आणि तिचा सांभाळ एप्रिल २०२६ पर्यंत असल्याचे लिहिले, हंगाम संपताच ५.२ वर जाणार असल्याचे लिहिले, आणि त्या आवृत्तीचा सांभाळ एप्रिल २०२८ पर्यंत चालेल हेही नोंदवले. नानांनी कागद उलटून पाहिला, "म्हणजे फोन तुम्हालाच करायचा," एवढे म्हणाले आणि फाइलला दोरी बांधली. तपासणीपुरते ते उत्तर पुरेसे होते. परवाना माझी जबाबदारी सांगतो ती वापरणाऱ्याची. सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या मनात घोळत होता तो हा दुसरा भाग.

आमच्याकडे सिन्नरची एक मुलगी काम करते. कॉलेज संपवून आली तेव्हा ती फार अबोल होती, अजूनही गरजेपुरतेच बोलते, पण कोड वाचण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ५.२ च्या तयारीसाठी जुने इशारे तपासत असताना तिला एक उघडे तिकीट दिसले. दोष आमच्याही प्रणालीला लागू होता. कोणीतरी दुरुस्ती सुचवलेली होती आणि ती तपासणाऱ्याची वाट पाहत पडून होती. "सर, हे कधी होईल, कुणाला विचारायचं?" तिने विचारले. मी तिला तिकिटांच्या पायऱ्या दाखवल्या. तिकीट आधी न तपासलेले असते, मग स्वीकारले जाते, मग दुरुस्ती येते, ती कोणीतरी तपासते आणि मुख्य कोडमध्ये घेण्यास तयार अशी खूण करते. ही शेवटची खूण, रेडी फॉर चेकिन, ज्याने दुरुस्ती लिहिली तो सोडून समुदायातला कोणीही करू शकतो. पुढे मर्जर एकदा अखेरची नजर फिरवतो. तिने ते वाक्य तीनदा वाचले. कोणीही म्हणजे कोण, असे तिने विचारले नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तेच होते.

पुढचे काही दिवस दुपारच्या डब्यानंतर ती त्या तिकिटाशी बसत असे. दुरुस्ती तिने आपल्या संगणकावर उतरवून घेतली, चाचण्या आधी जुन्या कोडवर चालवून त्या खरेच नापास होतात का ते पाहिले, मग दुरुस्तीसह चालवल्या. एसक्यूलाइट या डेटाबेसवर सगळे पास झाले. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर एक चाचणी अडली. रिकाम्या मूल्यांचा क्रम दोन्ही डेटाबेस वेगळा लावतात आणि चाचणीने एकच क्रम गृहीत धरला होता. तिने नेमकी पावले, दोन्हीकडचा निकाल आणि सुचलेला उपाय असे एक टिपण लिहिले. पाठवण्याआधी मला दाखवले तेव्हा त्यात पहिलेच वाक्य होते की मी नवीन आहे, माझे चुकत असेल. मी ते वाक्य काढायला सांगितले. मजकुरात सगळे पुरावे होते आणि त्यापुढे तिच्या नवेपणाचा संबंध नव्हता. दोन दिवसांनी दुरुस्ती लिहिणाऱ्याचे उत्तर आले, त्याने चाचणी बदलली होती आणि तिचे नाव घेऊन आभार मानले होते. तिने पुन्हा दोन्ही डेटाबेसवर सगळे चालवले आणि तयार असल्याची खूण केली. बदल मुख्य कोडमध्ये गेला तेव्हा टिपणाच्या तळाशी, तपासणाऱ्याच्या जागी, तिचे नाव होते. ते नाव मी पडद्यावर बराच वेळ पाहत राहिलो.

आता आमच्यात एका गोष्टीवरून मतभेद चालू आहे. फाउंडेशनचे वैयक्तिक सदस्यत्व जँगोसाठी काही काम केलेल्या कोणालाही मागता येते. त्याला पैसे पडत नाहीत, अर्ज स्वतःच करता येतो, आणि कोड लिहिणे हीच त्यासाठीची एकमेव वाट नाही. तपासणी करणे, इतरांना शिकवणे, कार्यक्रम भरवणे, हेही काम धरले जाते. सदस्य झाले की कौन्सिलच्या पुढच्या निवडणुकीत मत मिळते. मी तिला अर्ज करायला सांगतो आहे. तिचे म्हणणे, एवढ्याशा कामावर मत मागणे बरे दिसत नाही, आणखी काही तिकिटे हातावेगळी होऊ देत. मी तिला डीईपी १० मधला कोअर टीमबद्दलचा भाग वाचायला दिला, लोक आपण होऊन दाराबाहेर थांबतात म्हणून ती सगळी उलथापालथ झाली असे समजावून सांगितले. तिने तो भाग मन लावून वाचला, पटलेही म्हणाली, आणि तरीही हंगाम संपू द्या, मग बघू, यावरच ठाम आहे. दरम्यान तिने दुसरे तिकीट घेतले आहे. ते पहिल्यापेक्षा बरेच अवघड आहे, त्यावर आठ वर्षांची चर्चा आहे, आणि त्या चर्चेतल्या दोन जुन्या मतांशी ती सहमत नाही. तसे लिहावे की नाही हे तिने मला विचारलेले नाही. मसुदा मात्र लिहून ठेवला आहे, आणि या वेळी त्याच्या सुरुवातीला ते वाक्य नाही.